पान, संकेतस्थळ आणि औद्योगिक शहर : वृत्तपत्रीय संकेतस्थळांच्या आशय-आकृतिबंधाचा तौलनिक विचार

१

वृत्तपत्रांचा इतिहास, संपादकांची चरित्रे, अग्रलेखांची शैली आणि वृत्तपत्रीय भाषेची शुद्धाशुद्धता या विषयांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने वृत्तपत्राचे पान ही स्वतःच एक अर्थपूर्ण रचना आहे, या दृष्टीने झालेला विचार तुरळक आहे. पान म्हणजे मजकूर मांडण्याचे निव्वळ साधन, मुद्रकाच्या अखत्यारीतील बाब, अशी समजूत त्यामागे असावी. वस्तुतः मराठी वृत्तपत्राच्या जन्माबरोबरच पानाच्या रचनेने अर्थनिर्मितीस आरंभ केला होता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. दोन भाषांना, पर्यायाने दोन वाचकवर्गांना, एका पानावर समोरासमोर बसविण्याची ती कल्पना होती. 'दर्पण'चा आशय जितका त्यातील लेखांत होता, तितकाच तो या दोन स्तंभांच्या शेजारातही होता.

वृत्तपत्राच्या पानाचे हे सामर्थ्य बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली राष्ट्रवादाची मीमांसा करताना नेमके हेरले. पानावर शेजारी आलेल्या घटनांचा परस्परांशी बहुधा काहीच संबंध नसतो. त्यांना एकत्र बांधते ती पानाच्या माथ्यावरची तारीख. एकाच दिवशी, एकाच वेळी, अनेक अनोळखी माणसे हेच पान वाचीत आहेत, या जाणिवेतून एक समाज स्वतःची कल्पना करू लागतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातील संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे कलाकृतीच्या घटकांपुरती असली, तरी ती येथे मर्यादित अर्थाने वापरता येतात. मुख्य बातमीच्या पोटातील चौकट, तिच्या शेजारचे छायाचित्र, तळाची छोटी बातमी यांच्यामध्ये संवाद वा विरोध निर्माण होतो, कारण संपूर्ण पान एका दृष्टिक्षेपात दिसते. समतोल ही पूर्णत्वाची अट आहे. जे पूर्ण दिसत नाही त्यात समतोल शोधता येत नाही.

संकेतस्थळावर नेमके हे पूर्णत्व मोडते. मुख्यपृष्ठ खाली सरकत राहते. एकेक बातमी स्वतंत्र पत्त्यावर राहावयास जाते. आणि बहुसंख्य वाचक तर मुख्यपृष्ठावर न येता समाजमाध्यमातील अथवा शोधयंत्रातील दुव्यावरून थेट त्या एकाकी बातमीपाशी पोहोचतात. मग बातम्यांना परस्परांशी बांधण्याचे जे काम पानाची तारीख आणि पानाची चौकट करीत होती, ते आता कोण करते? उत्तर उघड आहे : विभागांची पट्टी, बातमीचा पत्ता, तिला चिकटवलेल्या विषयखुणा आणि 'हेही वाचा'खालचे दुवे. जेरार झनेत यांनी १९८७ साली ग्रंथाच्या शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ इत्यादी अंगांना 'उंबरठे' म्हटले होते. वाचक संहितेत शिरतो तो हे उंबरठे ओलांडून, आणि ओलांडतानाच संहिता कशी वाचावयाची ते शिकतो. वृत्तपत्रीय संकेतस्थळाच्या बाबतीत विभागरचना हाच मुख्य उंबरठा होय.

प्रस्तुत लेखात या उंबरठ्यांची तुलना एका विशिष्ट भूभागाच्या संदर्भात करावयाची आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा सहा दैनिकांच्या संकेतस्थळांवर कोठे आणि कोणत्या रूपात वसविला जातो, हा येथील प्रश्न आहे. राष्ट्रीय म्हणविल्या जाणाऱ्या इंग्रजी दैनिकांपैकी 'टाइम्स ऑफ इंडिया', 'इंडियन एक्स्प्रेस' आणि 'हिंदुस्तान टाइम्स', तर मराठीतील 'महाराष्ट्र टाइम्स', 'लोकसत्ता' आणि 'लोकमत' यांचा विचार केला आहे. संकेतस्थळांचे बाह्य रूप वारंवार पालटते. म्हणून रंग, अक्षरांचा आकार वा चित्रांची जागा अशा क्षणिक तपशिलांपेक्षा गेल्या सुमारे दशकभरात स्थिर राहिलेल्या रचनातत्त्वांवर भर दिला आहे.

२

या पट्ट्याचा वेगळेपणा प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही गावे कारखान्यांच्या ओघात आली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. नोकरीच्या शोधात मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि पुढे उत्तर भारतातून आलेल्या माणसांनी हे शहर घडविले. दरम्यान कारखानदारीचा केंद्रबिंदू पुणे-नाशिक मार्गाने उत्तरेस सरकला. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण वाहननिर्मितीचे केंद्र बनले.

प्रशासनाच्या दृष्टीने हा पट्टा एकजिनसी नाही. चाकण महसुलाने खेड तालुक्यात आहे. तेथे २०१५ पासून स्वतंत्र नगरपरिषद आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी अस्तित्वात आलेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत मात्र चाकणचा समावेश होतो. आणि कारखान्यांची जमीन औद्योगिक महामंडळाची. याचा अर्थ असा की, चाकणमधील एखाद्या कामगाराचे राहणे, काम करणे, तक्रार करणे आणि मत देणे या चार क्रिया चार वेगवेगळ्या व्यवस्थांच्या अधीन आहेत. अशा भूभागाची बातमी कोणत्या विभागात घालावयाची, हा तांत्रिक प्रश्न भासला तरी त्याचे उत्तर देताना त्या भूभागाविषयीची एक भूमिका घ्यावीच लागते.

सहा संकेतस्थळांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे त्यांच्या बातम्यांच्या पत्त्यांत वाचता येतात. पत्त्याची ओळ सामान्यतः कोणी वाचीत नाही; परंतु ती संकेतस्थळाने बातमीला दिलेली वंशावळ असते. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पत्त्यात 'सिटी' या शब्दापाठोपाठ पुणे येते. 'इंडियन एक्स्प्रेस' आणि 'हिंदुस्तान टाइम्स' यांच्या पत्त्यांत 'सिटीज' आणि मग पुणे. तिन्ही ठिकाणी पिंपरी-चिंचवडची बातमी पुण्याच्या पोटात येते. 'महाराष्ट्र टाइम्स'च्या पत्त्यात प्रथम महाराष्ट्र आणि त्याखाली पुणे असा क्रम लागतो. 'लोकसत्ता'त मधली पायरी गळून थेट पुणे येते. 'लोकमत'ने मात्र पिंपरी-चिंचवडला पुण्याच्या बरोबरीचे स्वतंत्र घर दिले. तेथील बातमीच्या पत्त्यात दैनिकाच्या नावानंतर लगेच या शहराचे नाव येते.

या चार प्रकारच्या वंशावळींमागे भूगोलाच्या चार कल्पना आहेत. इंग्रजी दैनिकांत मूळ कोटी 'शहर' ही आहे. देश हा मोठ्या शहरांचा संच आहे, अशी त्या वर्गीकरणाची धारणा दिसते. या संचात दिल्ली, मुंबई, पुणे शेजारी येतात. राज्य ही संकल्पना क्षीण होते आणि तालुका तर अदृश्यच होतो. खेड तालुक्यातील एखाद्या गावाची बातमी इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचते ती 'पुणे' या शहराची बातमी होऊनच. 'महाराष्ट्र टाइम्स'ची मूळ कोटी राज्य आहे. या दैनिकाचा संकेतस्थळावरील पत्ता दीर्घकाळ 'इंडियाटाइम्स' या समूहनामाच्या पोटात होता, म्हणजे घर समूहाचे आणि आतील मांडणी मात्र राज्याची, हे लक्षणीय आहे. १९६२ साली, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर दोनच वर्षांनी निघालेल्या दैनिकाच्या नावातील प्रतिज्ञा त्याच्या वर्गीकरणात अशी टिकून राहिलेली दिसते. 'लोकसत्ता'ने पुण्याला राज्याच्या शिडीवाचून थेट प्रतिष्ठा दिली, परंतु त्या प्रतिष्ठेत पिंपरी-चिंचवड हे उपनगरच ठरते. 'लोकमत'चा वाढविस्तार जिल्हानिहाय आवृत्त्या आणि स्थानिक पुरवण्या यांच्या आधारे झाला. त्यामुळे स्थानिक नाव ही त्याच्या दृष्टीने वाचकाशी नाते जोडणारी प्राथमिक कोटी होती, आणि संकेतस्थळाने ती जशीच्या तशी उचलली.

एकाच समूहातील दोन भाषांची दैनिके शेजारी ठेवली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. 'इंडियन एक्स्प्रेस' व 'लोकसत्ता' एका समूहाची, 'टाइम्स ऑफ इंडिया' व 'महाराष्ट्र टाइम्स' दुसऱ्या समूहाची. 'दर्पण'ने जे दोन स्तंभ एका पानावर आणले, ते येथे दोन स्वतंत्र पत्त्यांवर राहतात. इंग्रजी वाचकाला मराठी स्तंभ दिसत नाही, मराठी वाचकाला इंग्रजी. तंत्रज्ञानाने दोन स्तंभ शेजारी आणणे कधी नव्हे इतके सोपे केले असताना ते परस्परांपासून कधी नव्हे इतके दूर गेले आहेत.

३

विभागरचनेचा परिणाम केवळ बातमीच्या स्थानापुरता राहत नाही. तो बातमीच्या आशयाचे विभाजन करतो. औद्योगिक पट्ट्यातील जीवन संकेतस्थळावर साधारणतः तीन कप्प्यांत वाटले जाते. कारखाना, त्याचे उत्पादन, नवे वाहन, गुंतवणूक आणि समभाग हा भाग 'अर्थ', 'बिझनेस' किंवा 'ऑटो' या विभागांत जातो. महापालिका, पाणीपुरवठा, मेट्रो, रस्त्यावरील कोंडी हा भाग 'पुणे' विभागात जातो. अपघात, मारामारी, चोरी हा भाग त्याच विभागात पण गुन्हेवृत्ताच्या रूपाने येतो. पहिल्या कप्प्यात कंपनी दिसते पण तिचे गाव दिसत नाही. दुसऱ्यात गाव दिसते पण ते कशावर जगते ते दिसत नाही. तिसऱ्यात माणूस दिसतो, परंतु केवळ आरोपी किंवा बळी म्हणून. या तिन्ही कप्प्यांना जोडणारा कामगार कोणत्याच कप्प्याचा नायक नसतो.

छापील वृत्तपत्राच्या स्थानिक पानावर हे विभाजन इतके टोकाचे नव्हते. तेथेही स्तंभ होते, प्राधान्यक्रम होता आणि जाहिरातदारांचा वरचष्माही होता. परंतु वेतनकराराची दोन परिच्छेदांची बातमी, पाणी बंद राहणार असल्याची सूचना, कामगार कल्याण केंद्रातील नाट्यप्रयोग आणि निधनवार्ता एका पानावर येत. संपादकाने मुद्दाम जोडले नसले तरी शेजारामुळे ते वाचकाच्या मनात जोडले जात. १९३२ साली नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' सुरू करून स्थानिक बातमीला जो मान दिला, त्याचे मर्म या जोडण्यात होते. लहान बातमीला मान मिळाला तो तिच्या आकारामुळे नव्हे. मोठ्या बातमीच्या शेजारी तिला जागा मिळाली म्हणून.

विभागरचनेची ही मर्यादा समजून घेण्यास बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील २०१३ चे आंदोलन उपयुक्त ठरते. २५ जून २०१३ रोजी सुरू झालेले आणि सुमारे ५० दिवस चाललेले ते काम बंद आंदोलन विश्व कल्याण कामगार संघटनेच्या नेतृत्वाखाली झाले. संघटनेची एक मागणी असाधारण होती : प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग प्रत्येकी १ रुपया दराने मिळावेत. मागणी योग्य की अयोग्य, व्यवहार्य की अव्यवहार्य, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय नाही. ती कोणत्या कोटीत बसते, एवढाच प्रश्न येथे आहे. वेतनवाढीची मागणी 'कामगार' या परिचित कोटीत बसते. समभागाचा भाव 'बाजार' या कोटीत बसतो. समभाग मागणारा कामगार दोन्ही कोट्यांची सीमा ओलांडतो. तो ज्या कप्प्यात केवळ खर्चाचा एक घटक म्हणून नोंदला जातो, त्या कप्प्यात मालकीचा भागीदार म्हणून प्रवेश मागतो. अशा घटनेला 'अर्थ' विभागात घातले तर ती उत्पादनातील घट आणि समभागावरील परिणाम यांची बातमी होते. 'पुणे' विभागात घातली तर स्थानिक आंदोलनाची. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. परंतु मागणीतील नेमका अर्थ दोन विभागांच्या मधल्या भिंतीत अडकून राहतो. विभागरचना ही निरुपद्रवी सोय नसून वाचनाची पूर्वअट आहे, हे या उदाहरणावरून दिसून येते.

गुन्हेवृत्ताच्या बाबतीत रोलां बार्थ यांचे १९६० च्या दशकातील एक निरीक्षण मार्गदर्शक आहे. किरकोळ खळबळजनक वृत्ताचे वैशिष्ट्य असे की, ते स्वयंपूर्ण असते. ते समजण्यासाठी त्या वृत्ताबाहेरच्या जगाची माहिती लागत नाही. राजकीय बातमीला मागचापुढचा संदर्भ लागतो. खळबळजनक वृत्त स्वतःतच सुरू होऊन स्वतःतच संपते. एकाकी पत्त्यावर राहणाऱ्या, दुव्यावरून अचानक उघडल्या जाणाऱ्या बातमीसाठी याहून सोयीचा प्रकार दुसरा नाही. संदर्भ मागणारी बातमी संकेतस्थळावर दुबळी पडते आणि संदर्भ न मागणारी बलवान होते, ती केवळ वाचकाची अभिरुची घसरल्यामुळे नव्हे, तर रूपबंधानेच तिला अनुकूल भूमी दिल्यामुळे. औद्योगिक शहराला त्याची किंमत अधिक मोजावी लागते. ज्या शहराची साहित्यात आणि इतिहासलेखनात आधीच फारशी प्रतिमा नाही, त्याची प्रतिमा अशा सुट्या वृत्तांच्या बेरजेतून घडू लागते.

४

आशयाच्या या विभाजनाला भाषेची साथ मिळते. छापील मथळ्याचा धर्म सारांशाचा होता. घाईत असलेल्या वाचकाने मथळाच वाचला तरी घटना त्याला कळावी, अशी अपेक्षा असे. संकेतस्थळावरील मथळ्याचा धर्म बहुधा आमिषाचा आहे : घटना सांगायची, पण तिचे मर्म राखून ठेवायचे. यासाठी काही व्याकरणिक युक्त्या रूढ झाल्या आहेत. पूर्वपद न देता 'या', 'हा', 'त्या' ही दर्शक सर्वनामे वापरणे, ही त्यांपैकी प्रमुख. 'या शहरात', 'हा नेता', 'त्या घटनेनंतर' अशा रचनांत सर्वनाम ज्याकडे निर्देश करते ते नाम मथळ्यात नसतेच. ते मिळविण्यासाठी दुवा उघडावा लागतो. दुसरी युक्ती प्रश्नाची : 'नेमकं काय घडलं?' अशा शेपटाने विधान अपूर्ण ठेवले जाते. उद्गारवाचक एकशब्दी आरंभ, 'धक्कादायक' हा त्यांतील सर्वांत झिजलेला, ही तिसरी.

याबरोबरच लेखनरूपातही एक बदल झाला आहे. 'नेमके', 'घडले', 'केले' या प्रमाण लेखनरूपांऐवजी 'नेमकं', 'घडलं', 'केलं' ही अनुस्वारयुक्त बोलरूपे मथळ्यांत व बातम्यांत सर्रास आढळतात. त्यास भाषेचा ऱ्हास म्हणणे हे घाईचे ठरेल. बोलीचे रूप छापील भाषेत येणे हे तत्त्वतः स्वागतार्हच आहे. ललित लेखनात ते केव्हाच आले. प्रश्न असा की, ही बोली कोणाची? पिंपरी-चिंचवडमध्ये मराठवाड्याची, खानदेशाची, सोलापूरकडची मराठी एका कारखान्याच्या फाटकातून आत जाते. त्या बोलींपैकी कशाचेही प्रतिबिंब या 'बोली'त पडत नाही. ती वाहिन्यांच्या निवेदनातून आलेली, कोणत्याही गावाची नसलेली, सलगी दाखविणारी बोली आहे. म्हणजे प्रमाणभाषेचे अंतर सोडले, पण बोलीचे सामीप्य मिळविले नाही, अशी ही मधली अवस्था होय.

या बाबतीत मराठी आणि इंग्रजी संकेतस्थळांत फरक आहे, तो मान्य करावयास हवा. 'इंडियन एक्स्प्रेस'ने घटनेमागचा संदर्भ उलगडणारा स्वतंत्र विभाग चालविला, आणि 'लोकसत्ता'ने 'विश्लेषण' या नावाने त्याच धर्तीचा विभाग मराठीत आणला. सुट्या बातमीला गमावलेला संदर्भ परत मिळवून देण्याचा हा प्रयत्न रूपबंधाच्या पातळीवरचा आहे, म्हणून महत्त्वाचा आहे. तथापि त्याच 'लोकसत्ता'च्या संकेतस्थळावर 'विचारमंच' आणि 'राशीवृत्त' हे विभाग एका पट्टीवर नांदतात. छापील पानावर असा विरोध वाचकाला तत्काळ जाणवला असता. सरकत्या पडद्यावर ते दोन वाचकवर्गांसाठी दोन दुकाने होऊन राहतात. विरोध जाणवण्यासाठीही शेजार लागतो.

अक्षररूपाचा प्रश्न यापासून वेगळा नाही. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर प्रत्येकाचा स्वतंत्र फाँट असे. तो संगणकावर नसेल तर मजकूर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. त्या काळातील मजकूर शोधयंत्रांना वाचता येत नव्हता आणि त्यातील पुष्कळसा आज अभ्यासकाच्या हाती लागत नाही. युनिकोडने वाचनीयतेचा प्रश्न सोडविला. मात्र 'मंगल' हा विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला फाँट र. कृ. जोशी या थोर मराठी सुलेखनकाराने घडविलेला असूनही त्यात 'ल' दंडयुक्त आणि 'श' गाठयुक्त, म्हणजे हिंदीत रूढ असलेल्या वळणाचे आले. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' प्रमाण मानले. आजच्या अनेक फाँटांत दोन्ही रूपे असतात, आणि पानाची भाषा मराठी असल्याचे संकेतावलीत नोंदविले असता योग्य ते रूप उमटू शकते. एवढीशी नोंद राहिली की चित्ररूप नाममुद्रेत एक 'ल' आणि खालच्या मजकुरात दुसरा 'ल' असे दृश्य दिसते. तपशील लहान आहे. परंतु संकेतस्थळ आपला वाचक कोण मानते, हे तो सांगून जातो.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून छापील पान श्रेष्ठ व संकेतस्थळ हीन, असा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. तो बरोबर होणार नाही. काळाच्या संदर्भात पाहिले तर छापील वृत्तपत्राने औद्योगिक वाचकावर अन्यायच केला होता. मराठी दैनिकाचा आठवडा मध्यमवर्गीय नोकरदाराचा आठवडा होता. शनिवारची 'चतुरंग', रविवारची 'लोकरंग' या पुरवण्यांमागे रविवार हा वाचनाचा दिवस, ही धारणा होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू'च्या आणि गिरणी कामगारांच्या संघटनेच्या बळावर जी चळवळ चालविली, तिच्यामुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. वृत्तपत्र आणि सुटीचा वार यांचे नाते असे जुने आहे. परंतु पिंपरी-भोसरी औद्योगिक परिसरात साप्ताहिक सुटी गुरुवारची रूढ झाली. शिवाय काम पाळ्यांत चालते. तिसऱ्या पाळीहून परतणाऱ्याची सकाळ ही त्याची रात्र असते. सकाळी दारात पडणारे दैनिक आणि रविवारी वाचावयाची पुरवणी यांची लय या जीवनाशी जुळत नव्हती. अँडरसन यांनी कल्पिलेला एकाच वेळी वाचणारा समाज कारखान्याच्या भोंग्यापाशी आधीच तीन पाळ्यांत विभागलेला होता.

संकेतस्थळाने हा अडथळा दूर केला. 'लोकरंग'मधील लेख गुरुवारी दुपारी किंवा पाळी बदलण्याच्या मधल्या तासात वाचता येतो. वाराची सक्ती संपणे ही औद्योगिक वाचकाच्या दृष्टीने खरीखुरी मुक्ती आहे. दुर्दैव असे की, वेळेच्या बाबतीत त्याला मोकळे करणाऱ्या माध्यमानेच स्थळाच्या बाबतीत त्याला बेपत्ता केले.

याची दुसरी बाजू ई-पेपरमध्ये दिसते. दैनिकाचे छापील पान जसेच्या तसे पडद्यावर दाखविणारा ई-पेपर आणि त्याच दैनिकाचे संकेतस्थळ यांची तुलना करणे उद्बोधक आहे, कारण येथे समूह, वार्ताहर आणि पुष्कळदा बातमीसुद्धा एकच असते. बदलतो तो केवळ आकृतिबंध. ई-पेपरमध्ये स्थानिक आवृत्तीचे पान शाबूत राहते, शेजार टिकतो, तारीख टिकते. पण ते पान म्हणजे एक चित्र असते; मोबाइलच्या पडद्यावर ते वाचणे कष्टाचे असते आणि त्यातील मजकूर शोधयंत्राच्या हाती सहजी लागत नाही. संकेतस्थळावर तीच बातमी सुवाच्य आणि शोधसुलभ होते, पण शेजाराला मुकते. ई-पेपरपाशी स्मृती आहे, पण गती नाही. संकेतस्थळापाशी गती आहे, पण स्मृती नाही. दोन्ही एकाच घरात असूनही त्यांच्यात दुवा क्वचित असतो. या पट्ट्याचा सामाजिक इतिहास पुढे लिहू पाहणाऱ्याला याची झळ लागणार आहे. कारखाना स्थलांतरित होतो, वसाहतीचे नाव पालटते, संकेतस्थळाची रचना बदलली की जुने दुवे तुटतात. ज्या शहराचे अभिलेख मुख्यतः वृत्तपत्रांतच आहेत, त्या शहराच्या बाबतीत तुटलेला दुवा हा तुटलेला पुरावा असतो.

६

हे अटळ आहे काय? विभाग आणि विषयखूण यांतील भेद लक्षात घेतला तर तसे म्हणता येत नाही. विभाग हा कप्पा आहे. वंशावळीत बातमीला एकच पालक मिळतो. विषयखूण ही तशी नाही. एकाच बातमीला 'चाकण', 'कामगार', 'वाहन उद्योग', 'खेड तालुका', 'वेतनकरार' अशा अनेक खुणा एकाच वेळी देता येतात, आणि प्रत्येक खुणेपाशी बातम्यांचा एक नवा शेजार निर्माण होऊ शकतो. छापील पानाला हे कधीच शक्य नव्हते. तेथे बातमी एकाच जागी छापली जाई. म्हणजे छापील पानाने योगायोगाने जो शेजार दिला, तो जाणीवपूर्वक आणि बहुविध रूपात देण्याची क्षमता संकेतस्थळाच्या आकृतिबंधातच आहे. २०१३ च्या आंदोलनासारखी घटना 'अर्थ' आणि 'पुणे' यांच्या मधल्या भिंतीत अडकण्याऐवजी 'चाकण' आणि 'कामगार' या खुणांखाली आपल्या पूर्वीच्या व नंतरच्या घटनांसह वाचता येऊ शकते.

प्रत्यक्षात विषयखुणांचा वापर बहुतांशी शोधयंत्राच्या सोयीने होतो. ज्या नावांचा शोध अधिक घेतला जातो, त्या नावांच्या खुणा वाढतात; त्यामुळे नट, क्रिकेटपटू आणि पुढारी यांच्या नावांभोवती घनदाट शेजार निर्माण होतो, तर औद्योगिक वसाहती विरळ राहतात. ज्याचा शोध घेतला जात नाही त्याला खूण नाही, आणि ज्याला खूण नाही त्याचा शोध लागत नाही, असे हे चक्र आहे. ते भेदण्याचे काम तंत्रज्ञाचे नाही. ते संपादकाचे आहे. 'लोकमत'ने पिंपरी-चिंचवडला दिलेले स्वतंत्र घर ही त्या दिशेची एक पायरी होती, कारण त्यायोगे किमान शहराचे नाव पत्त्यात आले. पण घराला पाटी लावल्याने घरातील माणसांची ओळख होत नाही. चाकणचा कामगार त्या घरातही गुन्हेवृत्ताच्याच दारातून येत असेल, तर वर्गीकरण पालटले तरी दृष्टी पालटली असे म्हणता येत नाही. उलटपक्षी 'इंडियन एक्स्प्रेस' आणि 'लोकसत्ता' यांच्यापाशी संदर्भ देण्याचा रूपबंध आहे, पण त्यांच्या भूगोलात या शहराला स्वतःचे नाव नाही. एकाची जागा आणि दुसऱ्याचा संदर्भ एकत्र आलेले संकेतस्थळ येथे विचारात घेतलेल्या सहांत आढळत नाही.

आशय आणि आकृतिबंध यांच्या अद्वैताची चर्चा मराठी समीक्षेने कविता आणि कादंबरी यांच्या संदर्भात दीर्घकाळ केली. त्या चर्चेतून सिद्ध झालेली साधने वृत्तपत्रासारख्या रोजच्या, अल्पजीवी संहितेला लावण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कविता थोडे लोक वाचतात. बातमीचा मथळा पाळीवर निघालेला प्रत्येक माणूस बसच्या रांगेत वाचतो. २०१६ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडला भरले, तेव्हा उद्योगनगरीत साहित्य आले, अशा शब्दांत त्याचे कौतुक झाले. उद्योगनगरी स्वतः कोठे आणि कोणत्या भाषेत लिहिली जाते आहे, हा प्रश्न त्या कौतुकात मागे राहिला. ती रोज लिहिली जाते आहे. मात्र दुसऱ्या शहराच्या नावाखाली, तीन वेगवेगळ्या कप्प्यांत आणि पूर्वपद हरवलेल्या सर्वनामांत. त्या विखुरलेल्या लेखनाचे एकत्र वाचन करणे, हे वृत्तपत्रविद्येइतकेच समीक्षेचेही काम आहे.